वाचलेल्या स्त्रियांची नोंद कोण ठेवणार?

जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात पान्हा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. धार काढण्याआधी वासराला घटकाभर आचळाला लावले की गाय पान्हावते, अनोळखी हात लागला किंवा गोठ्यात गडबड झाली की दूध चोरते, हे शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. या पान्ह्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून सुटतो. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. मराठी शास्त्रग्रंथांनी तिला पीयूषिका असे नाव दिले. पीयूष म्हणजे अमृत, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूधही. नाव योजणाराच्या मनात यांपैकी कोणता अर्थ होता कोण जाणे, पण नाव चपखल आहे. दूध तयार करविणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक या ग्रंथीच्या पुढील भागात बनते, आणि दूध बाहेर सोडविणारे ऑक्सिटोसिन मागील भागातून रक्तात उतरते. गाईत जे घडते तेच बाईत घडते.

गाईच्या दुधाची काळजी या तालुक्यांत उत्तम घेतली जाते. गावोगावच्या संकलन केंद्रांत बल्क कूलर आहेत. सकाळी निघालेले दूध काही तासांत ४ अंशांपर्यंत थंड होते आणि टँकरने पुण्या-मुंबईकडे रवाना होते. या व्यवस्थेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अनेक लहान शेतकऱ्यांच्या घरची चूल तिच्यावर पेटते. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शनही २ ते ८ अंशांच्या थंडाव्यातच टिकते, उन्हात राहिले की त्याची शक्ती जाते. दूध नासले तर त्याच दिवशी तोटा कळतो. इंजेक्शन निकामी झाले तर काचेच्या कुपीकडे पाहून काही कळत नाही. ते कळते बाईच्या अंगावरून जाणारे रक्त थांबत नाही तेव्हा.

हे रक्त कोणाचे वाहते, हे पाहण्यासाठी पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या कुशीत जावे लागते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभी आहेत. त्यांचे पाणी पूर्वेकडे शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेल्या डिंभ्याच्या जलाशयात तर ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गावच बुडाले. धरणांच्या वरच्या अंगाला आहुपे, कोंढवळ, तळेघर, इंगळूण, घाटघर या बाजूच्या वाड्या-वस्त्यांत महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे भात, नाचणी आणि हिरड्यावर गुजराण करतात; भातलावणी उरकली, हिरडा संपला की मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा ती वार्ता बाहेर पोहोचविली ती एस.टी.च्या चालकाने. अख्खे गाव नाहीसे झाल्याचे जिथे बस चालकाकडून कळते, तिथे एका झोपडीत रात्री वार अडकून एक बाई तासन्‌तास रक्त गमावीत होती, हे सरकारी दप्तराला कसे कळावे?

ती मेली, तर निदान कळण्याची शक्यता असते. मातामृत्यूंची गणना होते, प्रत्येक मृत्यूची कारणमीमांसा करण्याचे आदेश आहेत, बैठका होतात. नमुना नोंदणी पाहणीच्या २००१-०३ च्या अहवालानुसार देशातील मातामृत्यूंपैकी ३८ टक्के रक्तस्रावाने झाले होते. २०१८-२० च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ असे आले. केरळनंतर महाराष्ट्राचा क्रमांक लागला म्हणून सत्कार-समारंभही झडले. मृत्यू कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि ज्या परिचारिकांनी व आशा कार्यकर्तींनी ते कमी केले त्यांना त्याचे श्रेय अजून पुरते मिळालेले नाही. तथापि रक्तस्रावातून जी बाई वाचली, तिचे पुढे काय झाले?

१९३७ साली ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात काम करणाऱ्या हॅरोल्ड शीहान या रोगनिदानशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. बाळंतपणात पुष्कळ रक्त गमावून मेलेल्या स्त्रियांचे शवविच्छेदन करताना त्याला त्यांच्या पीयूषिका ग्रंथीचा पुढील भाग मृत झालेला आढळला. त्याचे कारण शरीररचनेत आहे. गरोदरपणात दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढतात आणि ही ग्रंथी एरवीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठी होते. तिला लागणारे रक्त मात्र फार कमी दाबाच्या बारीक वाहिन्यांतूनच येत असते. अशा वेळी रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की सर्वांत आधी उपाशी राहते ती ही ग्रंथी. दुष्काळात टाकीच्या शेवटच्या टोकाचा नळ आधी कोरडा पडावा, तसाच हा प्रकार. बाई वाचते, ग्रंथी मरते. पुढे कधी मेंदूचे चित्र काढले, तर ग्रंथीची हाडाची खोबण, जिला वैद्यकात खोगिराची उपमा दिली आहे, ती रिकामी दिसते. या विकाराला शीहानचेच नाव मिळाले आहे.

ही ग्रंथी इतर ग्रंथींची मुकादम आहे. तिचा हुकूम थांबला की गळ्यातील अवटू ग्रंथी मंदावते, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी मंदावते, बीजकोश थांबतात. पहिली खूण पहिल्या आठवड्यातच दिसते: बाईच्या अंगावर दूध येत नाही. मग पाळी परत येत नाही. काखेतील केस झडतात, कातडी फिकट व कोरडी पडते, थंडी सोसत नाही, उठून चार पावले टाकण्याचे त्राण राहत नाही. साधा ताप किंवा जुलाब झाला तरी शरीराला त्या ताणाशी झुंजण्यासाठी लागणारे कॉर्टिसोल मिळत नाही. रक्तातील साखर आणि मीठ घसरते आणि ती बेशुद्ध होते. ही सारी लक्षणे एकदम येत नाहीत, हळूहळू वर्षानुवर्षे साचत जातात. म्हणूनच निदान होण्यास दहा-वीस वर्षे लागणे हे या विकारात नवलाचे मानले जात नाही.

मधल्या दहा-वीस वर्षांत तिला निदानाऐवजी शिव्या मिळतात. नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभ्या राहणाऱ्या स्त्रियांतून ठेकेदार हात-पाय पाहून माणूस निवडतो. जिला चालवत नाही तिला कोण नेणार? मुकादमाच्या लेखी ती कामचुकार. सासूच्या लेखी ती अपशकुनी, कारण तान्हे मूल दुधाविना तळमळले, कदाचित दगावलेही. नवऱ्याच्या लेखी ती वांझ झाली, आणि त्यातून सवत घरात आणण्याचा मार्ग मोकळा. देवऋषी बाहेरची बाधा सांगतो आणि कोंबडे मागतो. दवाखान्यात गेलीच तर रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन तिची बोळवण होते. स्त्रीच्या थकव्याला आपल्या समाजात रोग मानण्याची पद्धतच नाही. गरीब स्त्रीचा थकवा तर तिच्या जातीचा आणि वर्गाचा स्वभावधर्म समजला जातो.

डॉक्टरांचीही येथे फसगत होते, आणि ती कशी होते हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. थकवा, सूज आणि थंडी सोसत नाही म्हटल्यावर थायरॉइडची तपासणी सांगतात. तीत बहुधा टी.एस.एच. एवढेच मोजले जाते. परंतु टी.एस.एच. हे पीयूषिकेचेच संप्रेरक आहे. ग्रंथीच मेली असेल तर ते वाढणार कसे? अहवालावर ‘नॉर्मल’ असा शिक्का पडतो आणि बाई घरी परतते. एखाद्या सावध डॉक्टरने थायरॉइडची उणीव ओळखली, पण कॉर्टिसोलकडे पाहिले नाही आणि केवळ थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, तर रोगी अधिक संकटात सापडण्याचा धोका असतो. आधी कॉर्टिसोलची भरपाई आणि मग थायरॉइडची, असा क्रम आहे. आणि एवढे होऊनही उपचार महाग नाही. हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन आणि थायरॉक्सिन या जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत. त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आजारपणात मात्रा वाढवावी लागते. पण त्या मिळाल्या की अंथरुणाला खिळलेली बाई काही आठवड्यांत उठून कामाला लागते. त्यांच्याअभावी जुलाबाची एक साथ तिला पुरते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले जाते जुलाबाचे.

हा विकार विरळा आहे, असे कोणी म्हणेल. कोठे विरळा, हे विचारावे लागेल. आइसलँडमध्ये २००९ साली घेतलेल्या मोजणीत एक लाख स्त्रियांत सुमारे ५ स्त्रिया या विकाराच्या निघाल्या. काश्मीरच्या खोऱ्यात झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वीस वर्षांवरील बाळंत झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण १०० स्त्रियांत सुमारे ३ असे आढळले. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश घरीच बाळंत झाल्या होत्या. आइसलँडची आणि काश्मीरची पीयूषिका एकाच मांसाची आहे. अंतर आहे ते रस्त्याचे, रक्तपेढीचे आणि रात्री जागे असलेल्या दवाखान्याचे. काश्मीरची संख्या आहे तशी सह्याद्रीवर चिकटविता येणार नाही. पण तेथे संशोधक दारोदार गेले म्हणून ती निघाली, हे मात्र विसरता येत नाही. नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील हायड्रोजनची कुजबुज ऐकत उभ्या आहेत. त्या असाव्यातच, विज्ञानावर केलेला खर्च वाया जात नाही. त्यांच्या क्षितिजावर दिसणाऱ्या डोंगरातील बायांची कुजबुज ऐकण्यास मात्र एक वही आणि एक पेन्सिल पुरेल.

याच ग्रंथीवर दुसरा घाला शेतात होतो, आणि तो पुरुषांवरही होतो. १९८७ साली ब्रह्मदेशातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये कळविले, की घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यांत शीहानच्या विकारासारखीच लक्षणे दिसतात. घोणसाच्या विषाने रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात आणि रक्तस्रावही होतो. त्यात पीयूषिका सापडते. भारतातूनही अशा रुग्णांचे वृत्तान्त आलेले आहेत. भातकापणीत, उसाच्या फडात आणि कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उतरणाऱ्यांचा हा रोग आहे. नारायणगावात सर्पदंशाच्या उपचारांची चांगली परंपरा आहे आणि तेथे जीव वाचतात; केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. पण येथेही मोजमाप मृत्यूचेच. दंशातून वाचून सहा महिन्यांनी ज्याची दाढी वाढेनाशी झाली, ज्याला कुदळ उचलवत नाही, त्याला परत बोलावून तपासण्याचे कोणाच्या मनात येते?

रक्तस्राव थांबविण्याचे औषध हे या ग्रंथीचेच संप्रेरक असावे, हा निसर्गाचा एक न्याय म्हणावा लागेल. १९०६ साली हेन्री डेल यांना पीयूषिकेच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे दिसले. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले, आणि दोनच वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाळ बाहेर येताच दिलेले एक इंजेक्शन असंख्य बायकांचे प्राण, आणि प्राणांबरोबर त्यांची पीयूषिका, वाचविते. पण त्याच इंजेक्शनाने म्हैसही पान्हावते. शहरांभोवतीच्या तबेल्यांत रेडकू मेलेले किंवा विकलेले असते, म्हणून धारेआधी सुई टोचण्याचा प्रघात पडला.

त्यावर दिल्लीच्या सरकारने २०१८ साली काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. तबेल्यातील गैरवापर थांबवायचा म्हणून खाजगी कंपन्यांना देशातील वापरासाठी हे औषध बनविण्यास बंदी करण्यात आली, आयात बंद झाली, आणि सव्वाशे कोटींच्या देशाला पुरवठा करण्याचे काम बंगळूरच्या एकाच सरकारी कारखान्यावर सोपविण्यात आले. चोरट्या मार्गाने विनापरवाना येणारा माल तबेल्यात जात होता. बंदी पडली ती परवाना घेऊन प्रसूतिगृहांसाठी बनणाऱ्या मालावर. अखिल भारतीय औषध कृती जाळे या संघटनेने आणि काही उत्पादकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ही बंदी मनमानी व शास्त्रीय आधार नसलेली ठरवून रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविले गेले.

सार्वजनिक क्षेत्राचा पुरस्कार करणाऱ्यांनी येथे गोंधळून जाण्याचे कारण नाही. जीवनावश्यक औषधे सरकारने बनवावीत, हे समाजवाद्यांचे जुनेच मागणे आहे. परंतु ज्या राज्यकर्त्यांनी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पिंपरीतला कारखाना डोळ्यांदेखत रोडावू दिला, त्यांना एका औषधापुरते सार्वजनिक क्षेत्राचे प्रेम यावे, आणि तेही म्हशीच्या निमित्ताने, याचा अर्थ समजण्यास फार बुद्धी लागत नाही. बाळंतीण या निर्णयाच्या विचारात कोठे होती? जनावराच्या वेदनेबद्दल कळवळा असावा. पण त्या कळवळ्याची किंमत डोंगरातील बाईने का मोजावी?

आता असे सांगितले जाते, की घरची बाळंतपणे संपली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली ६४.६ टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या, त्या २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेल्या. ही प्रगती खरी आहे. तरी १९८० आणि ९० च्या दशकांत घरी बाळंत झालेल्या स्त्रिया आज पन्नाशी-साठीत आहेत, आपल्यातच आहेत. त्यांचे निदान अजूनही होऊ शकते आणि गोळ्या अजूनही लागू पडतात. दुसरे, राज्याची सरासरी काढताना मुंबई, पुणे आणि आहुपे यांची बेरीज होते. आणि तिसरे, संस्था म्हणजे केवळ इमारत असेल तर तिच्यात रक्त वाहायचे थांबत नाही. त्याच पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला इतरांना सोसणारा स्रावही सोसत नाही. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, औषधे, वाहन आणि रक्त हे सारे फुकट देण्याची हमी दिलेली आहे. त्या हमीतील शेवटचा शब्द, रक्त, घाटाच्या माथ्यावर किती तासांत पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे.

उपाय नाहीत असे नाही. बेळगाव म्हटले की मराठी वाचकाला सीमाप्रश्न आठवतो. त्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत परिचारिकांच्या हातून मिझोप्रोस्टोलच्या गोळ्या देण्याचा प्रयोग झाला. १,६२० स्त्रियांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला: बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. या गोळीला शीतकपाट लागत नाही, सुई लागत नाही. जिथे घरी बाळंतपण होण्याचा संभव आहे तिथे आशा कार्यकर्तीमार्फत ती आगाऊ देण्याची केंद्राची मार्गदर्शक पुस्तिका २०१३ पासून आहे. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनचे भावंड २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले.

दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांना येत्या पावसाळ्याआधी करण्याजोगे काम यातून निघते, आणि त्यास मोर्चाची वाट पाहावी लागत नाही. पश्चिमेकडील गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने त्यांच्या ग्रामसभांना अधिकार आहे, आणि २०१५ पासून मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत आरोग्य हा एक विषय आहे. ग्रामसभेने उपकेंद्राच्या परिचारिकेला, तिचा उपमर्द न करता, विचारावे: ऑक्सिटोसिन कोठे ठेवता? वीज गेली की त्या कपाटाचे काय होते? आशाताईंकडे गोळ्या आहेत का? रात्री वार अडकली तर गाडी कोठून निघते, आणि घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरला पोहोचल्यावर रक्ताची पिशवी तेथेच मिळते, की नातेवाइकाला पुण्याच्या वाटेला लावतात? उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयास व जिल्हा परिषदेस पाठवावीत. अबंध निधीतून सौरशक्तीवर चालणारे शीतकपाट घेता आले तर घ्यावे. परंतु ते घेतले म्हणून सरकार आपल्या जबाबदारीतून सुटले, असे त्याला म्हणू देऊ नये.

दुसरे काम महिला कार्यकर्त्यांचे आहे. वाडीवाडीत म्हाताऱ्या आणि मध्यमवयीन बायकांजवळ बसून चार गोष्टी विचारायच्या: कोणत्या बाळंतपणात फार रक्त गेले? त्यानंतर अंगावर दूध आले का? पाळी परत आली का? तेव्हापासून काम होईनासे झाले का? जिची चारही उत्तरे एकाच बाजूची येतील तिला ग्रामीण रुग्णालयात स्वतः घेऊन जावे, टी.एस.एच.वर न थांबता टी-फोर आणि सकाळचे कॉर्टिसोल तपासण्याचा आग्रह धरावा, आणि अहवाल येईपर्यंत तिच्याबरोबर राहावे. ज्या घरात घोणस चावून कोणी वाचला आहे, तेथेही थांबून चौकशी करावी. नावे गुप्त ठेवून केवळ संख्या गावागणिक लिहिली, तरी येत्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवण्यास एक कागद हाती येईल. त्या कागदावर कोंढवळच्या किंवा इंगळूणच्या पुढे एकाच बाईचा आकडा असला तरी चालेल. आधी तिच्या गोळ्या सुरू कराव्यात.